फ्रेड उल्मन यांची ‘रीयुनियन’: काही महिन्यांच्या सहवासानंतर

फ्रेड उल्मन यांची ‘रीयुनियन’ ही लघुकादंबरी मी गेल्या पावसाळ्यात प्रथम वाचली. त्यानंतर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत नववी ते बारावीच्या मुलांचा जो वाचनगट आम्ही काही पालक चालवतो, त्या गटात ती रविवारच्या बैठकांमध्ये थोडी थोडी मोठ्याने वाचली, आणि गटातील वाचन संपल्यावर मी ती पुन्हा एकटीने वाचून काढली. पुस्तक जेमतेम शंभर पानांचे असल्यामुळे ते एका दुपारीही संपते; परंतु त्याचे खरे मोल मला सावकाश, चार जणांच्या संगतीने वाचताना कळले. राजकारणाचे विष समाजात पसरते तेव्हा दोन मित्रांच्या साध्या वागण्यात ते सर्वांत आधी कसे दिसू लागते, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

कथा फेब्रुवारी १९३२ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या एका शाळेत सुरू होते. सोळा वर्षांचा हान्स श्वार्त्स हा ज्यू डॉक्टरांचा मुलगा, बुजरा आणि ज्याच्यासाठी जीव द्यावा असा एकही मित्र नसलेला. त्याच्या वर्गात कोनराडिन फॉन होहेनफेल्स हा प्राचीन उमराव घराण्यातील मुलगा दाखल होतो, आणि याच मुलाशी मैत्री करायची असे हान्स मनोमन ठरवतो. नव्या मुलाचे लक्ष वेधण्यासाठी तो आपल्या संग्रहातील जुनी ग्रीक नाणी शाळेत घेऊन जातो. त्या नाण्यांवरून सुरू झालेली ओळख पुढे होल्डरलिनच्या कवितांपर्यंत, नेकार नदीच्या परिसरातील भटकंतीपर्यंत आणि देव आहे की नाही या वादापर्यंत पोहोचते. वयाच्या सोळाव्या वर्षी मैत्रीत किती आसुसलेपणा असतो, हे उल्मन यांनी जराही न लाजता लिहिले आहे, आणि आमच्या गटातील मुलांनी ही पाने अगदी आपली मानली.

काळाची पार्श्वभूमी मात्र कादंबरी फारशी समजावून सांगत नाही. १९३२ मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. त्या वर्षीच्या जुलैतील निवडणुकीत नाझी पक्षाला ३७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, नोव्हेंबरमध्ये ती ३३ टक्क्यांवर उतरली, आणि तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला. मुलांबरोबर वाचणाऱ्यांनी हा तपशील निम्मे पुस्तक झाल्यावर सांगावा, असे मी सुचवीन. पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक असते, पण हान्सला नसते. त्याच्याच अज्ञानात काही काळ राहिल्याशिवाय पुढचा आघात पोहोचत नाही.

सर्वाधिक चर्चा झाली ती कोनराडिन हान्सच्या घरी येतो त्या प्रसंगाची. हान्सचे वडील पहिल्या महायुद्धात शौर्यासाठी ‘आयर्न क्रॉस’ मिळालेले, स्वाभिमानी गृहस्थ. परंतु आपल्या मुलाच्या वयाच्या या पाहुण्यासमोर ते सैनिकासारखे ताठ उभे राहून अदबीने स्वतःची ओळख करून देतात, आणि त्या क्षणी हान्सला त्यांची विलक्षण लाज वाटते. यावर गटात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एकाने सांगितले की श्रीमंत मित्र घरी आला की आई त्याच्याशी वेगळ्याच आवाजात बोलते आणि ते त्याला मुळीच आवडत नाही. त्यानंतर एकेक जण बोलू लागला. नाझींच्या भाषणांवर इतकी मोकळी चर्चा कधीच झाली नसती.

याच वडिलांच्या दवाखान्याबाहेर पुढे एक नाझी कार्यकर्ता ज्यूंना टाळा असा फलक घेऊन उभा राहतो, तेव्हा ते आपला जुना लष्करी गणवेश आणि पदके घालून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात. हा देश आपला आहे, पहिल्या महायुद्धात १२,००० ज्यूंनी त्याच्यासाठी प्राण दिले आहेत, आणि हे वेड गोवरासारखे येऊन जाईल, अशी त्यांची खात्री असते. आधी ज्यांची लाज वाटली त्याच माणसाविषयी हा प्रसंग वाचताना मुलांच्या मनात आदर दाटून आला. तो बदल कोणीही शिकवलेला नव्हता.

ऑपेराच्या प्रसंगात ‘फिडेलिओ’च्या प्रयोगाला आलेला कोनराडिन आईवडिलांसोबत असताना हान्सला ओळख दाखवत नाही. “काकू, तो वाईट आहे का?” असे आमच्या गटातल्या एका मुलाने विचारले. मी त्याला उत्तर दिले नाही, आणि हे पुस्तक वाचून दाखवणाऱ्या कोणीही ते देऊ नये असे मला वाटते, कारण उल्मन यांनी त्या उत्तरासाठी शेवटच्या ओळीपर्यंत थांबायला लावले आहे. म्हणूनच प्रस्तावना आधी वाचू नये आणि शेवटचे पान चाळू नये, ही कळकळीची विनंती.

उणिवाही आहेत. दोन्ही मुलांच्या आईंची पात्रे फार पुसट रेखाटली आहेत. जर्मनी सोडल्यानंतरचे हान्सचे अमेरिकेतील आयुष्य घाईने उरकले आहे. इंग्रजी सोपे असले, तरी जर्मन कवी आणि ठिकाणांची नावे मराठी माध्यमातील मुलांना आधी थोडी ओळखीची करून द्यावी लागतात.

यातले खरे किती, असे मुलांनी वारंवार विचारले. उल्मन स्वतः १९०१ मध्ये श्टुटगार्टमध्ये जन्मलेले ज्यू वकील. १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला, पुढे ते चित्रकार म्हणून इंग्लंडमध्ये स्थिरावले, आणि १९४० मध्ये त्याच इंग्लंडने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत ठेवले. ही कादंबरी प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, म्हणजे देश सोडल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. नववीच्या पुढील कोणत्याही मुलाच्या हाती ती निःशंकपणे द्यावी. मात्र शेवटचे प्रकरण वाचताना शेजारी एखादे मोठे माणूस असलेले बरे.