भर उन्हात दाखवलेली रात्र

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरावर चार कॅमेरे लावले, ३५,००० रुपये मोजले, आणि ज्या रात्री गरज पडली त्या रात्री चारांपैकी एकातही चोराचं तोंड दिसलं नाही. हे म्हणाले, लिहू नकोस, लोक काय म्हणतील, एवढी शिकलेली बाई. म्हणू देत. इंदुरात आपण मराठी माणसं एकमेकांच्या शब्दावर वस्तू घेतो. हे कॅमेरे लावणारा माणूस तोच शब्द विकून खातोय आणि अजून आपल्याच गल्ल्यांमधून फिरतोय, म्हणून लिहिते आहे.

तो आपल्यातलाच. गणपतीत मंडळाची लायटिंग करायचा, म्हणून तोंडओळख होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी त्याचा नंबर दिला, कारण त्याच महिन्यात मागच्या गल्लीत एकीचं मंगळसूत्र ओढून नेलं होतं आणि सगळ्याच घाबरल्या होत्या. घरात ८४ वर्षांच्या सासूबाई, यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मुलगा पुण्यात. मी हौस म्हणून कॅमेरे लावले नाहीत. माझ्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

हिशेब देते. चार कॅमेरे, ४,८५० चा एक, म्हणजे १९,४००. डीव्हीआर, म्हणजे चित्रं साठवणारा डबा, ६,२००. एक टीबीची हार्ड डिस्क ४,१००. वायर ९० मीटर, २८ रुपये मीटरने २,५२०. फिटिंग १,८००. पॉवर सप्लाय १,२००. एकूण ३५,२२०, त्यातले २२० "काकू, तुमच्यासाठी सोडले." पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी लागेल, उगाच सहा हजार सरकारला कशाला देता. मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला पुढे प्रत्येक टेबलावर नडलं. २०,००० यूपीआयने दिले, तेही त्याच्या नाही, कुठल्या तरी बाईच्या नावाच्या खात्यात ("वहिनीचं खातं आहे, काकू"). उरलेले १५,००० काम झाल्यावर रोख.

आता तो क्षण. दोन महिने झाले, पण रात्री डोळा लागायच्या आधी मला तोच दिसतो.

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. एप्रिलचं ऊन, अंगणात अजून चटका होता. त्याने अंगणातला कॅमेरा जोडला, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चित्र आणलं. मी म्हटलं, दिवसा दिसणारच रे, रात्रीचं काय? तो हसला, स्टुलावर चढला आणि कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या एका बारीक मण्यासारख्या काचेवर अंगठा ठेवला. आतून टक् असा आवाज आला. टीव्हीवरचं चित्र एकदम काळं-पांढरं झालं आणि सगळं अंगण लख्ख, फाटकाची कडीसुद्धा मोजून घ्यावी इतकी. "बघा काकू, रात्री अस्संच दिसणार. पन्नास मीटरपर्यंत." वर हेही सांगितलं की हे महागडं मॉडेल आहे, रात्रीही रंगीत दिसेल, तेवढं सेटिंग नंतर करून देतो.

त्या चित्रात तुळशीवृंदावनाची सावली पडली होती. लांब, तिरकी, थेट पायरीपर्यंत. शेजारच्या कडुलिंबाची पानं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसत होती. मी २६ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीच्या मुलांना सावली कशी पडते ते फळ्यावर काढून दाखवलं. माझ्यासमोर रात्र म्हणून जे दाखवलं जात होतं त्यात उन्हाची सावली होती, आणि मी म्हटलं, "अरे वा, छान दिसतंय की." तिथेच उठून टीव्ही बंद करायला हवा होता. पण मनात धास्ती होती, समोर ओळखीचा मुलगा होता, सासूबाई त्याच्यासाठी पन्हं घेऊन उभ्या होत्या. अशा वेळी माणूस तपासत नाही, विश्वास ठेवतो.

त्याने काय केलं होतं ते नंतर कळलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश दिसतो. दिवसा तो आत आला तर रंग बिघडतात, म्हणून लेन्सच्या मागे तो अडवणारी एक छोटी काच असते. अंधार झाला की उजेड मोजणारा तो मणी सांगतो, काच बाजूला सरकते (तोच तो टक् आवाज) आणि कॅमेऱ्याभोवतीचे अवरक्त एलईडी लागतात. त्याने फक्त मण्यावर अंगठा ठेवून कॅमेऱ्याला रात्र झाली असं भासवलं. पण अंगणात ऊन होतं, आणि उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. म्हणजे मला दिसलेलं अंगण त्या एलईडींनी नव्हे, सूर्याने उजळलेलं होतं. पानं हा प्रकाश जोरात परत फेकतात, म्हणून कडुलिंब पांढरा.

रंगीत रात्रीची गोष्ट तर निव्वळ थाप. सेन्सरच्या ठिपक्यांवर लाल, हिरवे, निळे थर असतात, पण अवरक्त प्रकाश तिन्हींतून जवळपास सारखाच पार होतो, म्हणून त्या उजेडात रंग निघतच नाहीत. रात्री रंग हवे असतील तर सेन्सर मोठा लागतो, एफ १.० सारखी उघडी लेन्स लागते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) आणि कुठून तरी खरा पांढरा उजेड लागतो. त्याने लावलेली लेन्स एफ २.० ची होती, म्हणजे उजेड चौथा हिस्सा. कुठलंही सेटिंग करून ते भरून निघत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्कूटर गेली. ८४,५०० ला घेतलेली, दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. सकाळी साडेपाचला मी दुधासाठी फाटक उघडलं तर जागा रिकामी, खाली तेलाचा एक डाग. घाबरले नाही, खरं सांगते. म्हटलं, कॅमेरे आहेत ना.

फुटेजमध्ये २ वाजून ४७ मिनिटांनी दोघं आत येतात. एक जण पोर्चच्या कॅमेऱ्याखाली येऊन वर बघतो, अगदी सरळ, आणि त्याच्या मानेवर तोंडाच्या जागी पांढरा गोळा आहे. नाक नाही, डोळे नाहीत. दुसरा अंगणात हलतोय, पण धूर हलावा तसा. ज्या मोटारसायकलवर आले तिची नंबर प्लेट म्हणजे एक चमकणारा पांढरा चौकोन. आणि फाटकाचा कॅमेरा, जो सगळ्यात महत्त्वाचा, तो २ वाजून ४१ ला बंद पडून ३ वाजून ५ मिनिटांनी सुरू झालेला.

तो कॅमेरा रोज रात्री असा बंद-चालू व्हायचा. मी दोनदा त्याला कळवलं होतं. "काकू, नेट स्लो आहे." चित्रात मुंग्या येतात म्हटलं, तर "सेटिंग करतो, रविवारी येतो." असे सहा रविवार गेले. चोरीनंतर त्याने माझा फोन एकदाच उचलला आणि म्हणाला, "कॅमेरा चोरी थांबवत नाही ना काकू." त्यानंतर नंबर ब्लॉक.

भाच्याने महाराणी रोडवरच्या एका जुन्या दुकानदाराला रात्री नऊला घरी आणलं. तो सिंधी गृहस्थ, पण एक पैसा न घेता दीड तास शिडीवर होता. त्याने फोनचा पुढचा कॅमेरा आमच्या कॅमेऱ्यासमोर धरला. तोंडावर ३६ एलईडी दिसत होते, त्यातले पेटलेले फक्त ८. बाकीचे शोभेचे मणी. एलईडी खरे असोत नाहीतर खोटे, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे त्याने सांगितलेले पन्नास मीटर त्या आठांच्या आवाक्यातलेच नव्हते. जवळ आलेल्या तोंडावर मात्र तेवढा उजेडही मावत नाही, म्हणून तो पांढरा गोळा. नंबर प्लेट तर आलेला उजेड थेट परत फेकण्यासाठीच बनवलेली असते. पोर्चचा कॅमेरा चुन्याच्या भिंतीला खेटून लावलेला, भिंत चमकते म्हणून कॅमेरा आपोआप चित्र काळं करतो आणि मागचं अंगण बुडतं. उजेड कमी म्हणून शटर हळू, म्हणून हलणारा माणूस धूर. आणि फाटकाचा कॅमेरा? त्याने वायर सोलून दाखवली. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरी, ॲल्युमिनियम, केसासारखी बारीक. दिवसा एलईडी बंद, म्हणून काम चालतं. रात्री एलईडी लागले की विजेची ओढ वाढते, अशा वायरीत व्होल्ट वाटेतच गळतात: १२ व्होल्ट निघतात आणि २७ मीटर लांबच्या टोकाला मोजले तर ९.६. कॅमेरा दम तोडतो, परत उठतो, परत पडतो. नेटचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

म्हणून सांगते, सूर्य मावळल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. रात्री, बाहेरचे दिवे घालवून, घरातल्या एकाला फाटकातून चालत आत यायला सांगा आणि थांबवलेल्या चित्रात तोंड ओळखू येतं का ते बघा. वायर स्वतः सोलून बघा, आत खरं तांबं आहे का ते.

आता पोलीस. सकाळी साडेआठला मी आणि भाचा चौकीत. "पेन ड्राइव्ह में लाओ." बाजारात जाऊन ४५० चा पेन ड्राइव्ह घेतला, भरून आणला. तिथल्या संगणकावर ती फाइल उघडेना. दुपारी उघडली तर शिपाई म्हणाला, "मैडम, इसमें तो कुछ दिख ही नहीं रहा." मग नुसता अर्ज घेतला. एफआयआर द्या, विम्याला लागतो, म्हटलं तर "जाँच के बाद." तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी मी कागदावर लिहूनच नेलं होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, दखलपात्र गुन्हा नोंदवावा लागतो आणि प्रत फुकट द्यावी लागते. तेव्हा कुठे अकराव्या दिवशी चोरीची नोंद झाली. अकरा दिवस! तोवर स्कूटरचे सुटे भाग कुठल्या कुठे गेले असतील.

कॅमेरेवाल्याचं नाव काढलं तर साहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "ये तो उपभोक्ता का मामला है." सायबरवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, यात सायबर काय? फोनवरच्या एका सरकारी तक्रार-सेवेत नोंद केली, तर नवव्या दिवशी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं. कुणाचं झालं? मला एक फोन नाही, एक माणूस घरी आला नाही. करखात्यात गेले की हा माणूस बिनबिलाचा धंदा करतो, तर तिथल्या बाईंनी मलाच विचारलं, "आपने बिना बिल के लिया क्यों?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ३४ वर्षं प्रामाणिकपणे प्राप्तिकर भरणारी बाई समोर रडवेली उभी आहे आणि तिला पाणीसुद्धा विचारायचं नाही, तिलाच आरोपीसारखं उभं करायचं? प्रत्येक टेबलावर मला हे सांगण्यात आलं की तुमचं काम दुसऱ्या टेबलावर आहे. यांचा दुखरा गुडघा घेऊन आम्ही जिने चढलो-उतरलो, त्या रिक्षांचेच १,८६० रुपये झाले. लिहून ठेवलेत मी.

खरी वाट एका वकील मैत्रिणीने दाखवली. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, "काकू पन्नास मीटर पक्के" असं लिहिलेला त्याचा मेसेज, हे सगळं पुरावा म्हणून ठेवता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तेव्हा भांडण झालं तरी चॅट पुसू नका. मी रागाने अर्धं पुसलं होतं, नशीब भाच्याच्या फोनवर बॅकअप होता. पैसे ज्याच्याकडून वस्तू घेता त्याच्याच नावाच्या खात्यात टाका, वहिनीच्या नाही. डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे नियमही सक्तीचे आहेत. माझ्या डब्यावर नुसतं चमकदार चित्र होतं.

सध्या फाटकापाशी १४० रुपयांचा नऊ वॉटचा दिवा रात्रभर लावते. त्या उजेडात हाच भिकार कॅमेरा निदान माणूस आणि कुत्रा यांत फरक दाखवतो.

परवा कळलं की तो रामबागेत एका आजींकडे कॅमेरे लावतोय. मी लगेच गेले. भर दुपार, अंगणात स्टूल, टीव्हीवर काळं-पांढरं लख्ख चित्र, आणि स्टुलावर तोच, अंगठा त्याच जागी. मला बघून खाली उतरला. मी आजींना टीव्हीजवळ नेलं आणि चित्रातल्या दोरीवरच्या साड्यांची सावली बोटाने दाखवली. म्हटलं, रात्री आठला याच माणसाकडून हेच परत दाखवून घ्या. तो म्हणाला, आज रात्री जमणार नाही, उद्या येतो. आजींनी त्याला १२,००० ॲडव्हान्स सकाळीच दिले होते.