टॉवरचा ड्युटी रोस्टर गूगल शीट्सवर: कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवर प्रवासी विमानं उतरतात आणि हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यातल्या लढाऊ विमानांची चाचणी उड्डाणंही तिथूनच होतात. अशा विमानतळाच्या टॉवरमध्ये कोण, किती तास, कितव्या नाईटनंतर बसलाय याला फार महत्त्व असतं. लहान टॉवरला महागडं रोस्टर सॉफ्टवेअर परवडत नाही आणि कागदी तक्ता अदलाबदली सुरू झाल्या की कोलमडतो. मधला पर्याय म्हणून गूगल शीट्स कसं आहे, ते इथे पाहू.

आधी माणसांचा हिशोब, कारण तो चुकला तर कुठलंच शीट उपयोगाचं नाही. एक पोझिशन, म्हणजे कंट्रोलरची (हवाई वाहतूक नियंत्रकाची) एक कामाची जागा, चोवीस तास चालवायची तर वर्षाला ८,७६० तास भरावे लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी वजा जाता एका कंट्रोलरचे २१० दिवस हाताशी राहतात असं धरा. सरासरी ८ तासांनी ते १,६८० तास होतात, म्हणजे ५.२ माणसं. पण सलग २ तास पोझिशनवर बसलं की अर्धा तास विश्रांती द्यायची असेल, तर दर अडीच तासांत दोनच तास कामाचे. गरज सव्वापट होते आणि आकडा ६.५ वर जातो. पाच माणसांवर टॉवर चालवणाऱ्याचं शीट कायम धोक्याचा लाल रंगच दाखवणार, आणि त्यात दोष शीटचा नसतो.

आता मांडणी. बहुतेक जण चौकटीत नुसती सकाळ, दुपार, नाईटची अक्षरं भरतात. शीटला त्या अक्षरांमागचे तास कळत नाहीत. म्हणून वेगळ्या पानावर कोडचा तक्ता करा: सकाळ ८ ते १४, दुपार १४ ते २०, नाईट २० ते ३२. नाईटचा शेवट सकाळी ८ वाजता असला तरी तिथे ३२ लिहायचं. ८ लिहिलंत तर तास उणे येतात. रोस्टरमधली ही सगळ्यात नेहमीची चूक. मग व्हीलूकअपने (कोडवरून तक्त्यातली माहिती शोधणाऱ्या सूत्राने) आज संपण्याची वेळ आणि उद्या सुरू होण्याची वेळ काढायची. विश्रांती म्हणजे २४ अधिक उद्याची सुरुवात, वजा आजचा शेवट. नाईटनंतर त्याच दुपारी बोलावलं तर २४ + १४ − ३२, म्हणजे सहाच तास. कंडिशनल फॉरमॅटिंगला (अटीप्रमाणे चौकटीचा रंग बदलणाऱ्या सोयीला) १२ पेक्षा कमी तास लाल करायला सांगा.

इथेच एक खोच आहे. दुपार संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आलं तर बरोबर १२ तास दिसतात. पण ताबा देताना येणारा कंट्रोलर हेडसेट लावून पंधरा मिनिटं शेजारी बसतो, मग जाणारा उठतो. ती पंधरा मिनिटं धरली की पावणेबाराच उरतात. तीन शिफ्टची रोजची पाऊण तास ताबादेवाण वर्षाला २७० तासांच्या वर जाते. ती ड्युटीतच मोजायला हवी. दुपारचा शेवट २०.२५ (म्हणजे रात्री सव्वाआठ) लिहा, चौकट आपोआप लाल होईल.

सुट्टीची चौकट रिकामी ठेवू नका, सुट्टीलाही कोड द्या. रिकाम्या चौकटीवर व्हीलूकअप त्रुटी दाखवतो. ती झाकायला इफएरर लावला की टायपिंगच्या चुकाही झाकल्या जातात. त्यापेक्षा डेटा व्हॅलिडेशनचा ड्रॉपडाउन लावा, म्हणजे चुकीचा कोड सहसा शिरणार नाही.

रोस्टर भारतीय वेळेत ठेवा. टॉवरच्या नोंदी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. एका नाईटला दोन तारखा येतात. दोन्ही वेळा एकाच रकान्यात मिसळल्या की महिन्याचे तास जुळत नाहीत.

मुदतींसाठी तिसरं पान. तिसऱ्या वर्गाचं (कंट्रोलरना लागणारं) मेडिकल, भाषा चाचणी, रेटिंग (म्हणजे ठरावीक प्रकारचं नियंत्रण करण्याची पात्रता). इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) शिफारशीप्रमाणे भाषेच्या चौथ्या पातळीची फेरतपासणी ३ वर्षांत आणि पाचवीची ६ वर्षांत होते. रेटिंगचं काम सलग बंद राहिलं तर ते कमाल सहा महिन्यांत बाद होतं. कार्यालयात अडकलेले प्रमुख नेमके यात सापडतात, तेव्हा त्यांचं नाव पोझिशनच्या रोस्टरमध्येही हवं. मुदतीला ९० दिवस राहिले की पिवळा, ३० राहिले की लाल. कुणाच्या आजाराचा तपशील मात्र इथे लिहू नका. लपवलेलं पान गुप्त नसतं, शीटची प्रत काढणाऱ्याला ते उघडता येतं. याच कारणासाठी चाचणी उड्डाणांचं वेळापत्रकही खासगी खात्यावरच्या शीटमध्ये कधीच नको.

अदलाबदलीत हे साधन सगळ्यात कमी पडतं. दोघांनी फोनवर ठरवून चौकटी बदलल्या की शीट फक्त लाल होतं, कुणाला थांबवत नाही. म्हणून रेंज प्रोटेक्ट करून बदलाचा अधिकार वॉच सुपरवायझरकडेच (त्या शिफ्टच्या प्रमुखाकडेच) ठेवा. कुणी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, पण जुन्या आवृत्त्या कधीकधी एकत्र होतात, त्यामुळे महिनाअखेर पीडीएफ काढून ठेवणं भाग आहे. रात्री टॉवर एकट्यावर सोडणं किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण आहेच: मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर रात्री एकटा असलेला सुपरवायझर झोपी गेला आणि दोन विमानं टॉवरशी संपर्क न होताच उतरली. म्हणून प्रत्येक तारखेखाली काउंटइफने नाईटची माणसं मोजा. दोनपेक्षा कमी दिसली की चौकट लाल, मग कुणाची रजा कितीही तातडीची असो, आधी बदली माणूस शोधायचा.

वीसेक माणसांपर्यंत हे शीट चांगलं चालतं. त्यापुढे, एकापेक्षा जास्त पोझिशन आणि वेगवेगळी रेटिंग आली की फॉर्म्युले सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं. नाशिकच्या टॉवरने २०२७ ची पानं तर आताच उघडावीत. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर या सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या अमृतस्नानांच्या तारखा रजेचे अर्ज यायच्या आधी रंगवून ठेवा, आणि त्यांच्या आदल्या-नंतरच्या दोन दिवसांची काउंटइफची मर्यादा दोनवरून तीन करा.