शोगीहोम, यानेउराओ आणि सुइशो ५: किताबी लढतींचं विश्लेषण, काही महिन्यांच्या वापरानंतर

शोगीतले, म्हणजे जपानी बुद्धिबळातले, किताबी डाव घरच्या संगणकावर उलगडून पाहायला आज एक रुपयाही लागत नाही. शोगीहोम हा पट आणि आलेख दाखवणारा प्रोग्राम, खेळ्या शोधणारं यानेउराओ हे इंजिन आणि स्थितीला गुण देणारी सुइशो ५ ही मूल्यांकन फाइल, या तिन्ही गोष्टी मोफत मिळतात. काही महिने नेटाने वापरल्यावर मत पक्कं झालं आहे. साधन उत्तम आहे, पण मूळ सेटिंगवर ठेवून, कोण किती पुढे हे सांगणारा पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा मानला तर हमखास दिशाभूल होते. शोध किती खोल गेला, दुसऱ्या क्रमांकाची खेळी किती मागे आहे आणि त्या क्षणी खेळाडूच्या घड्याळात काय उरलं होतं, यातलं काहीच त्या एका आकड्यात दिसत नाही. ते आपणच शोधून काढावं लागतं, आणि या जुळणीत ते शोधता येतं.

बुद्धिबळाकडून शोगीकडे वळलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. यानेउराओचा शोध स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनाच्या धर्तीवर चालतो. उलट बाजूने, स्टॉकफिशमध्ये २०२० साली आलेलं एनएनयूई हे तंत्र (स्थितीचे गुण ठरवणारं छोटं न्यूरल जाळं) मुळात शोगीचं आहे. यू नासु यांनी ते २०१८ मध्ये शोगी इंजिनांसाठी तयार केलं. मात्र आकड्यांचं प्रमाण बुद्धिबळासारखं समजू नका. तिथे दोन प्याद्यांची, म्हणजे +२०० ची, आघाडी म्हणजे डाव जवळपास संपला. शोगीत मारलेली मोहरी परत पटावर उतरतात, मोहरी कमी होऊन पट सोपा होत नाही, आणि एका स्थितीत सरासरी ८० च्या आसपास वैध खेळ्या असतात. इथे +२०० म्हणजे काहीच नाही. शोगीहोम आकड्याचं विजयाच्या टक्केवारीत रूपांतर करतं, त्याचा गुणक मुळात ६०० असतो. त्या हिशोबाने +३०० म्हणजे साधारण ६२ टक्के, +६०० म्हणजे ७३, +१२०० म्हणजे ८८ आणि +२००० म्हणजे ९७ च्या जवळ. ही टक्केवारी इंजिन विरुद्ध इंजिन अशा खेळाच्या अंदाजाने आहे. माणसाच्या हातात ती टिकेल की नाही, हा वेगळा प्रश्न.

बसवणं अवघड नाही, पण दोन-तीन ठिकाणी हमखास अडतं. यानेउराओच्या गठ्ठ्यात प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळ्या एक्झी फाइल असतात. एव्हीएक्स२ लिहिलेली फाइल गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपवर चालते. जुन्या यंत्रावर तीच सुरू होताक्षणी बंद पडते, तेव्हा एसएसई४.२ वाली घ्यायची. सुइशो ५ ची फाइल एनएन.बिन या नावानेच, एक्झीशेजारच्या इव्हॅल नावाच्या फोल्डरमध्ये हवी. सुइशो ५ चं जाळं हाफकेपी २५६ या रचनेचं आहे, म्हणून एक्झीही त्याच रचनेची लागते. जोडी चुकली तर इंजिन नोंदवलं जातं, पण डाव सुरू करताना फाइल वाचता आली नाही म्हणून थांबतं. फोल्डरच्या पूर्ण मार्गात देवनागरी किंवा जपानी अक्षरं ठेवू नका.

आता सेटिंग. सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारं म्हणजे एफव्ही स्केल. यानेउराओमध्ये तो मुळात १६ असतो, सुइशो ५ साठी २४ ठेवायचा. जाळ्यातून आलेल्या मूल्याला या संख्येने भागलं जातं, म्हणून १६ राहिला तर प्रत्येक आकडा दीडपट फुगतो: खरा +४०० पडद्यावर +६०० दिसतो, ६६ टक्क्यांच्या जागी ७३. नुसता आकडाच बिघडत नाही, शोधात कोणत्या खेळ्या सोडून द्यायच्या ही छाटणी याच मूल्यांवर चालत असल्याने खेळाची प्रतही घसरते. थ्रेड्स, म्हणजे इंजिनाची एकाच वेळी चालणारी कामं, प्रत्यक्ष कोअरपेक्षा एकने कमी ठेवले की लॅपटॉप गुदमरत नाही. यूएसआय हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवायची जागा, ८ जीबी रॅमवर २०४८ एमबी पुरतो. हॅश भरल्याचा आकडा हजारापैकी मोजतात; तो हजाराकडे सरकला की दीर्घ शोधात जुनं काम पुसलं जाऊ लागतं. विश्लेषण करताना ओपनिंग बुक बंद, म्हणजे बुकफाइलच्या जागी नो बुक. बुक चालू असेल तर इंजिन विचार न करता साठवलेली खेळी पुढे करतं आणि आलेखाचा पहिला भाग निरुपयोगी होतो. कन्सिडरेशन मोड मात्र चालू ठेवा, म्हणजे दाखवलेल्या खेळ्यांच्या ओळी मध्येच तुटत नाहीत.

आलेख प्रत्येक खेळीला वर-खाली करवतीसारखा दिसत असेल तर इंजिन ठीक आहे. आकडा ज्याची पाळी त्याच्या बाजूने दाखवला जातोय, एवढंच. तो कायम सेन्तेच्या, म्हणजे पहिल्या खेळाडूच्या बाजूने दाखवायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे.

खोलीचा मुद्दा समजायला २८ जून २०२० चा डाव घ्या: किसेई किताबाच्या लढतीचा दुसरा डाव, वातानाबे आकिरा सेन्ते, फुजिई सोता गोते, म्हणजे दुसरा खेळाडू. यागुरा मांडणीतून वातानाबेचा हल्ला उभा राहत असताना ५८ वी खेळी म्हणून फुजिईने हातातला गिन, म्हणजे चांदीचा सेनापती, ३१ वर उतरवला. (पहिला आकडा उजवीकडून मोजलेला स्तंभ, दुसरा वरून मोजलेली ओळ.) खेळी निव्वळ बचावाची वाटते, आणि तिच्यासाठी त्याने २३ मिनिटं घेतली. सुइशोचे कर्ते सुगिमुरा तात्सुया यांनी नंतर दाखवून दिलं की ४० कोटी स्थिती तपासेपर्यंत ही खेळी सुइशोच्या पहिल्या पाचांतही नव्हती. ६० कोटींवर ती अचानक पहिली आली. फुजिईने डाव ९० खेळ्यांत जिंकला, आणि पुढच्याच महिन्यात, १७ वर्षं ११ महिन्यांचा असताना, किताबही.

आता हे आपल्या यंत्रावर मांडू. सेकंदाला ३० लाख स्थितींचा वेग मिळत असेल तर ६० कोटींना २०० सेकंद लागतात. जुन्या लॅपटॉपवर १० लाखांचा वेग असेल तर १० मिनिटं. ‘पूर्ण डाव, प्रत्येक खेळीला ३ सेकंद’ असं लावून विश्लेषण केलं, तर असली खेळी आलेखात किरकोळ चूक म्हणून नोंदली जायची शक्यता असते, आणि बघणारा खुशाल लिहून मोकळा होतो की फुजिई इथे घसरला. म्हणून पहिली फेरी कितीही जलद करा, पण किताबी डावात इंजिनाला न आवडलेली जी खेळी खेळाडूने लांब विचार करून केली आहे, तिच्यावर किमान ५ ते १० मिनिटं द्यायचीच. त्या खेळीनंतरची स्थिती पटावर मांडून तिथूनही शोध चालवा. खेळी पटावर आली की इंजिनाला तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि आधी बाजूला टाकलेली फांदी किती चांगली होती हे पुष्कळदा एका मिनिटात कळतं. एवढी एक सवय लावली तरी विश्लेषणाचा दर्जा वाढतो.

मल्टीपीव्हीचा, म्हणजे एकाच वेळी किती पर्यायी ओळी दाखवायच्या या सेटिंगचा, खरा उपयोग कळतो ११ ऑक्टोबर २०२३ च्या डावात. क्योतोमध्ये ओझा किताबाच्या लढतीचा चौथा डाव, नागासे ताकुया सेन्ते, फुजिई गोते. फुजिईकडे बाकीचे सातही किताब होते. दोघेही शेवटच्या टप्प्यात ब्योयोमीत, म्हणजे प्रत्येक खेळीला एका मिनिटाच्या मुदतीत, होते आणि पारडं नागासेकडे पूर्ण झुकलं होतं. १२२ वी खेळी म्हणून फुजिईने ५५ वर गिन ठेवला. नागासेने ४२ वर किन, म्हणजे सोन्याचा सेनापती, टाकला असता तर विजय हातात होता. त्याने ५३ वर उमा, म्हणजे बढती मिळालेला उंट, नेला आणि डाव उलटला. १३८ व्या खेळीवर फुजिई जिंकला, लढत ३-१ ने संपली आणि आठही किताब एकाच खेळाडूकडे गेले.

मल्टीपीव्ही १ वर या स्थितीत फक्त एक भला मोठा आकडा दिसतो आणि ‘इतका जिंकलेला डाव कसा घालवला’ असं वाटतं. मल्टीपीव्ही ५ लावा. पहिल्या आणि त्याखालच्या ओळींमधलं अंतर हे त्या स्थितीच्या अवघडपणाचं सर्वांत प्रामाणिक माप आहे. पाचही ओळी हजाराच्या वर असतील तर डाव खरोखर सोपा आहे. पहिली ओळ विजयाची आणि पुढची पराभवाची असेल, तर तोच आकडा साठ सेकंदांत दोरीवरून चालायला सांगतो. शिवाय पहिली ओळ पूर्ण खेळून बघा. मधल्या प्रत्येक खेळीला असंच अंतर दिसत असेल, तर खेळाडूने पुढच्या कितीतरी खेळ्या बिनचूक पाहायला हव्या होत्या असा त्याचा अर्थ. एक काळजी घ्या: पाच ओळी मागितल्या की वेळ पाचांत वाटला जातो आणि खोली घटते. त्यामुळे खेळी शोधायला मल्टीपीव्ही १ आणि अंतर मोजायला ५, असे दोन वेगळे शोध करावेत. अनेक थ्रेड्सवर तोच शोध पुन्हा चालवला तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत; पन्नास-शंभरचा फरक मनावर घेऊ नका.

घड्याळाची नोंद वाचायलाही थोडी माहिती लागते. ओझा आणि एइओच्या लढती चेस क्लॉकवर होतात, सेकंदन् सेकंद मोजला जातो. मेइजिन, र्‍युओ, किसेई यांसारख्या लढतींत जुनी स्टॉपवॉच पद्धत असते आणि एका मिनिटाच्या आतली खेळी शून्य धरली जाते. किफ फाइलमध्ये, म्हणजे डावाच्या नोंदीत, ओळीने शून्य दिसली म्हणजे खेळाडूने त्या खेळ्या न बघता केल्या असं नाही. मेइजिनमध्ये प्रत्येकाला ९ तास, र्‍युओमध्ये ८ तास, दोन्ही दोन दिवस चालतात. पहिल्या दिवसाच्या शेवटी पाकिटात बंद केलेल्या खेळीवर दिसणारा मोठा वेळ पुष्कळदा पाकीट कोणी बंद करायचं या डावपेचाचा असतो. तिथे स्थिती अवघड होती असा निष्कर्ष काढण्याआधी आजूबाजूच्या खेळ्यांचा वेळ बघावा.

पूर्ण डावाची फेरी शेवटून सुरुवातीकडे करावी. शोगीहोममध्ये उलट क्रमाचा पर्याय आहे. शेवटच्या स्थितींची उत्तरं हॅशमध्ये राहतात आणि आधीच्या खेळ्यांना त्यांचा आधार मिळतो; सरळ क्रमाने गेलं तर निर्णायक चूक खरी झाली त्यापेक्षा दोन-चार खेळ्या उशिरा झाल्यासारखी दिसते. त्याच खिडकीत शेरे कसे लिहायचे हे विचारलं जातं. तिथे ‘वरून लिहा’ निवडलं तर फाइलमधले आधीचे शेरे पुसले जातात, म्हणून ‘शेवटी जोडा’ ठेवा.

जपानी फाइल उघडल्यावर अगम्य खुणा दिसल्या तर भानगड अक्षरसंचाची असते. किफ हा प्रत्यय रूढीने शिफ्ट जेआयएससाठी, किफु हा यूटीएफ-८ साठी. सेटिंगमध्ये आपोआप ओळखण्याचा पर्याय निवडला की बहुतेक वेळा सुटतं. ब्राउझरमधून खेळ्यांचा मजकूर उचलून थेट चिकटवणं आणखी सोपं.

शेवटच्या टप्प्यासाठी एक स्वतंत्र मात-शोधक जोडा. कोमोरिंगहाइट्स हे त्यातलं मोफत आणि फार ताकदवान इंजिन. १५२५ खेळ्यांचं ‘मायक्रोकॉसमॉस’ हे प्रसिद्ध कूटही त्याने सोडवलं आहे. खेळाडूने हार मानली त्या स्थितीत खरंच मात होती का, याचं पक्कं उत्तर त्याच्याकडून मिळतं. साध्या इंजिनाचा मोठा आकडा म्हणजे मात असल्याचा पुरावा नव्हे.

राजा समोरच्या छावणीत शिरला तर इंजिनाचा आकडा सावधपणे घ्या. तिथे मोहऱ्यांचे गुण मोजून निकाल ठरू शकतो. व्यावसायिक डावांत २४ गुणांचा नियम असतो. हौशी आणि संगणक स्पर्धांमधला २७ गुणांचा. यानेउराओमधला एंटरिंग किंग रूल हा पर्याय त्यानुसार बदलावा लागतो, नाहीतर जिथे डाव बरोबरीत सुटून पुन्हा खेळला जाईल तिथे इंजिन विजय जाहीर करतं.

डीएलशोगीबद्दल थोडक्यात. यामाओका तादाओ यांचं हे डीप लर्निंगवरचं इंजिन फुजिईही वापरतो, आणि सुरुवातीच्या मांडणीतला त्याचा कौल सुइशोपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. त्याच्या टेन्सरआरटी या एनव्हिडियाच्या प्रणालीवर चालणाऱ्या नेहमीच्या आवृत्तीला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. पहिल्यांदा सुरू होताना टेन्सरआरटी कित्येक मिनिटं तयारी करतं. तेवढ्यात शोगीहोमची वाट पाहण्याची मुदत संपून ‘इंजिन प्रतिसाद देत नाही’ असा संदेश येतो, म्हणून मुदत आधीच वाढवून ठेवा. शोगीहोममध्ये दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी चालवता येतात. पहिल्या चाळीसेक खेळ्यांत ती दोघं जिथे वेगळं बोलतात, तिथेच बहुधा व्यावसायिकांची ताजी तयारी दडलेली असते. डावाच्या शेवटी मात्र सुइशोचं एनएनयूई जास्त धारदार. केवळ किताबी लढती समजून घ्यायच्या असतील तर कार्डावर खर्च करू नका. तोच पैसा जास्त कोअरच्या प्रोसेसरवर आणि चांगल्या कूलिंगवर घाला, कारण अर्धा तास पूर्ण क्षमतेने चालल्यावर पातळ लॅपटॉप तापून वेग निम्म्यावर आणतात आणि मग १० मिनिटांचा शोध ५ मिनिटांच्या बरोबरीचा होतो. वेगाचा आकडा इंजिनाच्या खिडकीत सतत दिसतो. तो पडताना दिसला की थ्रेड्स कमी करा.