स्विमिंग पूलभोवतीचं काढता-घालता येणारं जाळीचं कुंपण: उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं बघून लिहितेय

कर्जतला आमचं छोटं वीकेंडचं घर आहे, मागे स्विमिंग पूल. त्याला जाळीचं कुंपण बसवून तिन्ही ऋतू होऊन गेलेत म्हणून आता लिहितेय, कारण बसवल्या बसवल्या लिहिलेल्या रिव्ह्यूंवरून काही कळत नाही, तेव्हा सगळंच छान असतं. थोडक्यात हवं असेल तर घ्या, नक्की घ्या, पण गेटवर पैसे वाचवू नका.

बरेच जण म्हणतात कुंपण कशाला, आम्ही पोरांवर लक्ष ठेवतो ना. ठेवता हो, पण शनिवार-रविवारी. सगळे पाण्यात असतात तेव्हा कुणाचं ना कुणाचं लक्ष असतंच. सोमवारी आपण घरी परत येतो, पूल तिथेच असतो आणि केअरटेकरचं कुटुंबही तिथेच असतं. आमच्याकडे त्यांची मुलगी नुकतीच पळायला लागलीये, दार उघडं दिसलं की बाहेर. वीकेंड होम असलेल्या प्रत्येकाने हा विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं, आपली पोरं महिन्यातून दोन-चार दिवस त्या पाण्याजवळ असतात, केअरटेकरची बाराही महिने. आणि लहान मूल बुडताना ओरडत वगैरे नाही, आवाजच होत नाही, शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. कुंपण लागल्यावर वहिनी (केअरटेकरच्या मिसेस) मला म्हणाल्या, ताई आता स्वयंपाक करताना जीव टांगणीला लागत नाही. माझ्यासाठी तिथेच पैसे वसूल झाले.

आता वस्तूबद्दल. काळी बारीक जाळी, मध्ये मध्ये अॅल्युमिनियमचे पाइप, आणि हे पाइप डेकमध्ये (पूलभोवतीच्या फरशीत) ड्रिल करून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत उभे राहतात. उंची चार फूट. ऑस्ट्रेलियात घरच्या पूललाही कुंपण कायद्यानेच लागतं आणि तिथेही उंची कमीत कमी 1.2 मीटर म्हणजे साधारण तेवढीच, शिवाय खालून 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. फटीचं हे माप टेप लावून स्वतः बघा, आमच्याकडे डेकला उतार आहे तिथे एका कोपऱ्यात जाळी वर राहिली होती, ती त्याच दिवशी खाली ओढून घेतली. ड्रिलिंग करताना दोन टाइल्सना तडे गेले, त्या बसवणाऱ्यांनी बदलून दिल्या पण रंग थोडा वेगळा आलाय. जाळी मात्र ताणून बसवली की कडक राहते, पोरांना पाय रोवायला जागाच मिळत नाही, लोखंडी ग्रिलवर आडव्या पट्ट्या असतात त्यावर तर ती शिडीसारखी चढतात. फक्त कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, बर्फाचा डबा असलं काही ठेवायचं नाही, मग चार फुटांना काही अर्थ उरत नाही.

गेट. सगळा खेळ गेटचा आहे. ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, सोडल्यावर आपोआप बंद झालं पाहिजे आणि कडी आपोआप लागली पाहिजे, आणि कडी उघडायचा नॉब उंचावर, मुलाचा हात पोचणार नाही असा. चेक करायची पद्धत सोपी आहे, गेट पूर्ण उघडून सोडा, मग अर्धं उघडून सोडा, मग अगदी बोटभर उघडून सोडा, प्रत्येक वेळी खट आवाज आलाच पाहिजे. आमचं पहिल्या दिवशी तिन्ही वेळा लागलं. पावसाळ्यात बिजागराच्या स्प्रिंगला गंज चढला आणि गेट कडीच्या जरा अलीकडेच थांबायला लागलं. लांबून बघितलं तर बंदच वाटतं, हे सगळ्यात वाईट. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला तर आठवडा उलटला तरी माणूस नाही, तोवर साखळी आणि कुलूप लावून काम भागवलं. शेवटी बाहेरून एसएसची (स्टेनलेस स्टीलची) सेल्फ-क्लोजिंग बिजागरं आणून बसवली, तेव्हापासून त्रास नाही. कर्जतच्या पावसात साधं लोखंड टिकत नाही हे त्यांना सुरुवातीलाच माहीत असायला हवं होतं, सर्व्हिसचे मार्क मी इथे कापतेय.

पावसाळ्यात जाळीला शेवाळं धरतं, पाण्याचा पाइप आणि मऊ ब्रशने धुतलं की जातं. पण त्या दिवसांत जास्त काळजी पाण्याची. पावसाने क्लोरिन पातळ होतं, वरून पानं पडतात, आणि पंप बंद ठेवला की पाणी हिरवं होऊन तळ दिसेनासा होतो. तळ दिसत नसेल आणि कुणी पडलं तर कळणार कसं? त्यामुळे कुणी पोहत नसलं तरी पंप रोज चालवायचा, क्लोरिन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), पीएच 7.2 ते 7.8 मध्ये. क्लोरिन आणि अॅसिड एकत्र ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी गॅस होतो, आणि ही केमिकल्स ठेवायची खोली कुलूपबंदच हवी.

काही जण पावसाळ्यात पूलवर निळी ताडपत्री टाकून मोकळे होतात. प्लीज नका करू. मूल त्यावर पाय देतं, ताडपत्री खाली जाते आणि ते तिच्यात गुंडाळलं जातं, वरून काही दिसतही नाही. वजन पेलणारं सेफ्टी कव्हर वेगळं असतं, ते चारी बाजूंनी डेकला घट्ट बांधलेलं असतं.

कुंपण काढता येतं ही सोय आहे आणि तीच भीती. थंडीत पाण्यात कुणी उतरत नाही, मग घरच्या कार्यक्रमाला नातेवाईक म्हणतात फोटोत वाईट दिसतं, काढून टाकू ना. दहा-पंधरा मिनिटांत निघतं आणि मग महिनाभर पाइप गॅरेजमध्ये पडून. आमच्याकडे ठरलंय, काढलं तर एक मोठा माणूस तिथे खुर्ची टाकून बसणार, मोबाइल न बघता, आणि पाहुणे जायच्या आत परत लागणार. काढल्यावर डेकमधल्या नळ्यांना टोप्या लावा, नाहीतर माती भरते आणि पाइप परत आत जातच नाही.

बसवायला माणसं आली की त्याच दिवशी पूलवाल्याला बोलावून तळाच्या ड्रेनची (पंप जिथून पाणी ओढतो त्या भोकाची) जाळीही बघून घ्या. सपाट आणि तुटकी असेल तर पंपाच्या ओढीने केस किंवा अंग अडकू शकतं, अमेरिकेत 2002 मध्ये सात वर्षांची मुलगी अशीच गेली आणि 2007 मध्ये त्यासाठी कायदा झाला. आमची बदलून फुगीर बसवली, किरकोळ खर्च.

रेट रनिंग फुटावर (म्हणजे कुंपणाच्या लांबीवर) असतो, गेट वेगळं. कोटेशनमध्ये बिजागर आणि कडी कशाची आहे ते लिहून घ्या. आणि रंग काळाच घ्या, हिरव्या जाळीतून पलीकडचं पाणी नीट दिसत नाही.