वॉशिंग मशीनचा पट्टा आणि १५ किलोचा स्पिनर : आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये आमच्या १५ किलोच्या स्पिनरचा, म्हणजे पातं फिरवून मारणाऱ्या फायटिंग रोबोचा, टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टा) काढला आणि मिरजेत वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याकडून एम सेक्शनचा (एम मापाचा) व्ही-बेल्ट, म्हणजे तिरप्या बाजूंचा बिनदाती पट्टा, आणून चढवला. पोरं हसली. आता फेब्रुवारी उजाडलाय, ड्राइव्ह तोच आहे आणि मोटर एकही जळालेली नाही. त्याआधी सहा महिन्यांत दोन गेल्या होत्या.

आमचं पातं आडवं फिरतं. लांबी ४०० मिमी, वजन अडीच किलो. मोटर ४०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ४०० फेरे) ब्रशलेस आउटरनर (बाहेरचं कवचच फिरतं, तोच रोटर), बॅटरी ६ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर). २२.२ व्होल्टला विनाभार ८,८८० आरपीएम निघतात, पुली १.८ ला १ धरली की पात्याला पाच हजारांच्या आसपास मिळतात. त्या वेगाला पात्यात साधारण साडेचार हजार ज्यूल साठतात. मार्केट यार्डातलं ५० किलोचं हळदीचं पोतं तिसऱ्या मजल्यावरून सोडलं तर खालच्याचं जे होईल, ते. वेग निम्मा केला की ऊर्जा पावच उरते, त्यामुळे सगळे आरपीएमच्या मागे. आम्हीही होतो.

टक्कर झाली की पातं क्षणात अडतं, रोटर मात्र फिरायच्या तयारीतच असतो. टायमिंग बेल्टला सरकायला जागाच नाही. मग एक तर दात सोलून निघतात (आमच्या जुन्या दातेरी पट्ट्याचे सलग अकरा दात दाढीसारखे साफ झाले होते), नाहीतर धक्का थेट मोटरवर जातो. रोटर जखडला की करंट चढतो आणि मोटरबरोबर ईएससीही (मोटर चालवणारा कंट्रोलर) धूर काढतो. व्ही-बेल्ट अशा वेळी घसरतो. लोक हा त्याचा दोष सांगतात, मी त्यासाठीच तो लावलाय.

चालू करतानाही हेच कामाला येतं. सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरचा रोटर कुठे आहे ते ईएससी कॉइलमधल्या उलट्या व्होल्टेजवरून ओळखतो. रोटर उभा असताना ते व्होल्टेजच नसतं. त्यात जड पातं घट्ट बांधलेलं, म्हणून आधी मोटर जागच्या जागी थडथडायची. आता पट्टा जरासा घसरतो, मोटर सुटते, मग पातं ओढते.

त्रास पुलीने दिला. पहिल्या जोडीला मी हुशारी करून दोन्हीकडे ४० अंशांची खाच काढून घेतली, कारण पट्ट्याच्या तिरप्या बाजूंमधला कोन ४० अंशांचा. तीन दिवसांत मोटरकडची पुली आरशासारखी चकाकली आणि घरभर करपलेल्या रबराचा वास. आई विचारते, "कुकर लागला का रे?" कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी पुली हातात फिरवली, नखाने खाच चाचपली. "लहान पुलीवर पट्टा वाकतो, आतनं फुगतो, मग त्याचा कोन कमी होतो. ३४ काढ. आन् पट्टा बाजूंनी धरतो लेका, तळाला टेकला की कामातनं गेला बघ." मोटरकडे ३४ अंश आणि पात्याकडे ३८ केल्यावर चकाकी थांबली.

ताण अजून अंदाजानेच. नवा पट्टा पहिल्या तासाभरात लांबतो, म्हणून मोटरच्या बोल्टांना लांबट भोकं ठेवलीत. सैल ठेवला तर पातं वेग घेईपर्यंत सामना संपतो. फार ताणला तर आउटरनरचा एका बाजूनेच धरलेला शाफ्ट वाकतो, एकदा वाकलाही. पुलीचा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टला चपटी बाजू घासून घेतल्याशिवाय टिकत नाही. बेअरिंगवर रबराची काळी भुकटी बसते ती वेगळीच. पावसाळ्यातल्या दमट हवेत घसरणं वाढल्यासारखं वाटलं, पण सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चढलं तसं आम्ही वर्कशॉपच बंद ठेवलं, त्यामुळे खात्रीने नाही सांगत.

पातं लावलेलं असताना ताण तपासायचा तर आधी बॅटरीची लिंक (वीज तोडणारा काढता जोड) काढायची आणि पात्यात अडसर घालायचा. यात आम्ही कधी सूट घेतली नाही.

पट्टा शंभराच्या नोटेत येतो, म्हणून बॅगेत तीन असतात. शाफ्टच्या मोकळ्या टोकाला बेअरिंगचा आधार द्यायला काकांनी केव्हाच सांगितलंय. पुढच्या पुलीबरोबर तेही करून घेईन.