फिग्मा, पेनपॉट की स्केच : फाइल कोठे राहणार, हे आधी ठरवा

ॲपचे पडदे आखण्यासाठी साधन निवडताना बहुतेक जण सुविधांची यादी पाहतात. माझ्या मते त्याआधी तयार झालेले काम कोठे साठवले जाणार, हे पाहायला हवे. प्रोटोटाइपसाठी, म्हणजे ॲप तयार होण्याआधी दाबून पाहता येणाऱ्या नमुन्यासाठी, एके काळी सर्रास वापरली जाणारी इनव्हिजन ही सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेकांना आपले काम दुसरीकडे हलवावे लागले.

फिग्मा २०१६ पासून सर्वांसाठी खुले आहे आणि ते ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे विंडोज, मॅक किंवा लिनक्स असा भेद उरत नाही. एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय त्यात फार चांगली आहे; २०२३ पासून प्रोटोटाइपमध्ये व्हेरिएबल (बदलत्या किमती) आणि ‘असे असेल तर तसे’ अशा अटीही घालता येतात. मात्र काम कंपनीच्या सर्व्हरवर राहते, आणि फाइलची प्रत उतरवून घेतली तरी ती पुन्हा उघडण्यासाठी सहसा फिग्माच लागते.

पेनपॉट हे स्पेनमधील कालेइडोस कंपनीचे मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले, साधन आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि त्याची रचना एसव्हीजी (वेबवरील चित्रांचे स्वरूप) व सीएसएस (वेबपानाची मांडणी व रूप ठरवणारी भाषा) या खुल्या मानकांवर उभी आहे. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीएसएस ग्रिड ही आडव्या-उभ्या चौकटींची मांडणी आल्यामुळे डिझायनरची मांडणी डेव्हलपरच्या भाषेच्या बरीच जवळ आली. गुंतागुंतीच्या प्रोटोटाइपसाठी ते फिग्माइतके सरस नाही. पण माहिती बाहेर जाऊ न देण्याचे बंधन असलेल्या संस्थेने माझ्या मते हेच निवडावे.

स्केचचे संपादन केवळ मॅकवर होते. सगळा चमू मॅकवर असेल आणि इंटरनेटविना काम करायचे असेल, तरच त्याचा विचार करावा.

पडद्यावरचा मजकूर मराठी असेल, तर निवडीपूर्वी प्रत्येक साधनात ‘दऱ्याखोऱ्या’, ‘मूर्ती’, ‘राष्ट्रीय’ असे शब्द दोन ओळींत टाकून पाहावेत, कारण इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींच्या उंचीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शिवाय काही देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावरच उमटतात, त्यामुळे आराखड्यात दिसलेले अक्षर आणि प्रत्यक्ष ॲपमधले अक्षर वेगळे निघू शकते. ही तपासणी ब्राउझरमध्येही करावी.