मेन कॅनपी: एफ-१११ की झीरो-पी?

स्कायडायव्हिंगचं लायसन्स नुकतंच मिळालेल्या एका मैत्रिणीला एफ-१११ कापडाची जुनी मेन कॅनपी, म्हणजे मुख्य पॅराशूटचा पंख, स्वस्तात मिळतेय. ती घ्यावी, की थांबून झीरो-पी कापडाची घ्यावी, हा तिचा पेच.

कापडं दोन्ही नायलॉनचीच. झीरो-पीवर सिलिकॉनचा थर असतो, त्यातून हवा जवळपास जातच नाही. एफ-१११ मधून नवं असतानाही थोडी झिरपते, आणि दर उडीगणिक, दर घडीगणिक ते विरत जातं. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात जो पंख घडवला, तो आत कोंडलेल्या हवेवरच ताठ उभा राहतो. हवा गळली की पंख ढिला. हे कळतं ते थेट उतरताना: टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी) पूर्ण खाली ओढूनही कॅनपी उचल धरत नाही आणि पाय आपटतात. काही शे उड्या झालेल्या एफ-१११ची मला धास्ती वाटते ती यासाठी. घोटे तिथेच जातात. झीरो-पी हजार उड्यांनंतरही चांगली फ्लेअर देते, म्हणजे टॉगल ओढताच उतरण्याचा वेग नीट मोडते; दोऱ्या मात्र त्याआधी बदलाव्या लागतात, तो खर्च धरूनच चाला.

घडी घालण्यात एफ-१११ सरस. नवी झीरो-पी गुडघ्याखाली दाबली तरी बॅगेत शिरताना दुसऱ्या बाजूने निसटते.

नियमित उड्या मारणार असाल तर वापरलेली, रिगरने (पॅराशूटच्या तंत्रज्ञाने) तपासलेली झीरो-पी घ्या. अचूक लँडिंगसाठी मोठी सात-सेल (सात कप्प्यांची) कॅनपी हवी असेल, किंवा वर्षाला मोजक्याच उड्या होणार असतील, तर कमी वापरलेली एफ-१११ चालेल. मैत्रिणीला मी झीरो-पीच सांगितली.